दापोलीच्या नव्या ग्रुपमध्ये ती नाही

पत्र :

ताई, नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. कॉलेजपासूनच्या आम्ही पाच मैत्रिणी. लग्नं झाली, मुलं झाली, तरी ग्रुप टिकला. वर्षातून एकदा पाचही कुटुंबं मिळून फिरायला जातो. आमच्यातल्या एकीचा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि फार दांडगा आहे. ओरडतो, मारतो, दुसऱ्याच्या हातातलं हिसकावतो, एक-दोनदा चावलाही आहे. गेल्या डिसेंबरात भंडारदऱ्याला गेलो होतो. पहिल्याच रात्री जेवताना त्याने आरडाओरडा करून ताट भिरकावलं. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या पायऱ्यांवर माझ्या मुलीला ढकललं. तिच्या कपाळाला दोन टाके पडले. त्याची आई रडून माफी मागत होती. आम्ही ‘जाऊ दे गं, मुलं आहेत, चालायचंच’ म्हणून विषय संपवला. तिचा नवरा तेव्हा बाकीच्या पुरुषांबरोबर धरणावर गेला होता.

आता दिवाळीच्या सुट्टीत दापोलीला जायचं घाटतंय. बाकीच्या तिघी म्हणतात, या वेळी तिला नको. चौघींचा वेगळा ग्रुपही काढलाय. माझे मिस्टर म्हणतात, वर्षातून एकदा सुट्टी मिळते, तीही जीव मुठीत धरून घालवायची का? मला ते पटतं. पण परवा जुन्या ग्रुपवर तिचा मेसेज आला, ‘यंदा कुठे जायचं गं?’ अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. तिला काय सांगू? बुकिंग फुल झालं म्हणू, की न बोलता जाऊन येऊ? आणि त्या मुलाला खरंच काही प्रॉब्लेम असेल, हायपर वगैरे, तर तसं तिला सांगावं का?

उत्तर :

नमस्कार. तुमच्या मुलीच्या कपाळावरचे टाके मी आधी मोजते, कारण या पत्रात सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी विचारली गेलेली व्यक्ती तीच आहे. आपल्या लेकीला रक्त आलेलं बघितलेली आई पुढच्या वेळी धास्तावणारच. त्यात दापोली म्हणजे समुद्र. कर्द्याच्या नाहीतर मुरूडच्या किनाऱ्यावर पाच-सहा मुलं पाण्यात शिरली की मोठ्यांची नजर आधीच अपुरी पडते, तिथे एखादं मूल ढकलाढकली करणारं असेल तर डोळ्याला डोळा लागत नाही. ‘मैत्रीसाठी एवढं सोसायला हवं’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. या सहलीला तो मुलगा बरोबर नको, हे ठरवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि त्यात वाईटपणा काही नाही.

पण ते तुम्ही मला विचारलेलंच नाही. ते तुमचं ठरलं आहे. तुम्ही विचारताय ते लपवायचं कसं, आणि त्याला माझं उत्तर एकच आहे : लपवू नका. बुकिंग फुल झालं म्हणू नका, गुपचूप जाऊनही येऊ नका. पैसे भरण्याआधी तिला भेटा आणि सांगा. चौघींनी मिळून जायचं नाही, एकीनेच जायचं. पत्र तुम्ही लिहिलंत, मुलगीही तुमचीच पडली, म्हणून ती एक तुम्हीच.

नाशिक कितीही पसरलं तरी आपल्या माणसांपुरतं ते लहानच आहे. एकाच स्कूल व्हॅनमध्ये जाणारी मुलं, कॉलेज रोडला क्लासच्या बाहेर उभ्या असलेल्या आया, भाजीबाजारात भेटणाऱ्या सासवा. चौघींपैकी एकीचा नवरा हर्णै बंदराचा फोटो स्टेटसला टाकणारच, त्याला कुणीही सांगितलेलं नसेल. समजा मोठ्यांनी तोंडं शिवून घेतली, तरी मुलांचं काय करणार? ‘दापोलीला गेलो होतो हे त्याला सांगू नकोस हं’ असं तुमच्या लेकीला बजावणार? त्या वयाच्या मुलांना आपण एकीकडे शिकवतो की कुणीही मोठं माणूस ‘हे कुणाला सांगू नको’ म्हणालं तर आधी आई-बाबांना येऊन सांगायचं. तो धडा मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि फार मोलाचा आहे. एका सहलीपायी आईनेच तो मोडू नये.

आता मला या पत्रात जे सगळ्यात जास्त खटकलं त्याकडे येते. भंडारदऱ्याला तुमची मैत्रीण रडत माफी मागत होती. त्या क्षणी ती ऐकायला तयार होती. तिला तुम्ही काय सांगितलंत? काही झालेलं नाही. टाके पडलेले असताना काही झालेलं नाही! ते मोठ्या मनाने म्हणालात हे मला कळतं. रडणाऱ्या मैत्रिणीला आणखी रडवायला कुणाची जीभ वळणार? पण त्यानंतर नाशिकला परत आल्यावरही कुणी बोललं नाही. संक्रांत गेली, मुलांच्या परीक्षा झाल्या, मे महिना गेला, पावसाळा गेला, आणि एवढ्या काळात तिच्या समजुतीप्रमाणे ते प्रकरण मिटलेलं होतं. तुमच्या चौघींच्या मनात ते साठत होतं. आता एकदम निकाल लागला आणि ज्याच्यावर लागला त्याला तारीखसुद्धा कळवलेली नाही.

तुम्ही जानेवारीतच म्हणाला असतात, ‘अगं, मला अजून त्या पायऱ्या आठवल्या की पोटात गोळा येतो, आपण यावर बोलू या’, तर तिच्या हातात काहीतरी असतं. तिने नवऱ्याशी भांडून त्याला मुलामागे उभं केलं असतं. शाळेतल्या बाईंना विचारलं असतं, वर्गातही असंच होतं का. डॉक्टरांकडे गेली असती. किंवा तीच म्हणाली असती, ‘यंदा आम्ही राहू दे, तो जरा मोठा होऊ दे.’ कदाचित यातलं काहीच झालं नसतं आणि तुम्हाला हाच निर्णय घ्यावा लागला असता. पण मग तो तिला अनपेक्षित नसता. म्हणून तिच्याशी बोलताना सहलीच्या आधी हे बोला : ‘तेव्हा मी काही नाही म्हणाले, पण मला लागलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं.’ एवढं म्हणालात की पुढचं ऐकायला ती निदान खुर्चीत बसून राहील.

आणखी एक आठवून बघा. भंडारदऱ्याच्या त्या दोन दिवसांत तिने एक तरी जेवण सगळ्यांबरोबर बसून जेवलं का? मी तिथे नव्हते, पण असल्या मुलांच्या आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. ताट वाढून घेतात, पहिला घास हातात असतो आणि नजर मुलावर. तो उठला की ह्या उठतात. भाकरी गार होते, आमटीवर साय धरते, कुणीतरी मायेने ‘तू जेव गं, मी बघते’ म्हणतं आणि दोन मिनिटांनी स्वतःच्या मुलाकडे वळतं. मग त्या खोलीत जाऊन मुलाबरोबर उरलेला भात खातात. तिचा नवरा त्या दिवशी कुठे होता ते तुम्हीच लिहिलंय. धरणावर. तुमचाही तिथेच होता. पाच बाप पाणी बघत उभे होते आणि पाच आया पायऱ्यांवर आठ-नऊ पोरं सांभाळत होत्या. तरी आज वगळली जातेय ती एक आई. मुलगा दोघांचा आहे, आणि बापाला ‘तुझ्यामुळे तुम्हाला नेत नाही’ असं सांगायला कुणी जाणार नाही. नव्या ग्रुपच्या चर्चेत त्याचं नाव एकदा तरी निघालं का, हे मला खरंच जाणून घ्यायला आवडेल.

म्हणूनच दापोलीला चौघीच गेलात तरी एक गोष्ट बदला. किनाऱ्यावर कोणते दोन मोठे पाण्याजवळ उभे राहणार, कोणत्या वेळी, हे नावानिशी ठरवून जा आणि त्यात पुरुष असू द्या. तुमच्या मुलीला ढकललं ते एका मुलाने, पण पायऱ्यांजवळ कुणाचंच लक्ष नव्हतं हेही तितकंच खरं. तो मुलगा नसला म्हणजे मुलं सुरक्षित झाली, असं होत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, त्याला काही प्रॉब्लेम आहे का. हे तुम्हाला ठरवता येणार नाही आणि मलाही येणार नाही. अतिचंचलता आणि अवधानाच्या त्रासाचं, म्हणजे एडीएचडीचं, निदान करताना तज्ज्ञ बघतात की ही लक्षणं निदान सहा महिने टिकून आहेत का, ती बारा वर्षांच्या आत सुरू झाली का, आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का. आई-वडिलांशी बोलतात, शिक्षकांकडून माहिती घेतात. दोन दिवसांच्या सहलीत बघितलेल्या मुलावर हे लेबल लावायला कुठलाही डॉक्टर धजावणार नाही. आणि सहलीतलं मूल घरच्यासारखं नसतंच. सहा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते. पाच कुटुंबांच्या सहलीत पहाटे उठून गाडीत बसायचं, दुपारचं जेवण तीनला, रात्री दहा वाजता जेवणाच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात पंचवीस माणसांचा गोंगाट. तुमच्या पत्रातलं ताट पहिल्याच रात्री, जेवायच्या वेळी भिरकावलं गेलं, हे मी दोनदा वाचलं. थकलेलं, भुकेलं मूल होतं ते, निदान त्या वेळी तरी. याने चावणं, मारणं माफ होत नाही. नाशिकहून दापोलीचा प्रवास आठ-नऊ तासांचा, भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर त्याहून जास्त. त्या मुलासाठी ही सहल मुळातच अवघड आहे, आणि हे कारण तुम्ही तिला प्रामाणिकपणे सांगू शकता, कारण ते खरं आहे.

त्यामुळे ‘त्याला कुणाला तरी दाखव’ हे वाक्य सहल नाकारायच्या दिवशी तोंडातून काढू नका. त्या दिवशी ते सल्ल्यासारखं ऐकू येणार नाही, मुलावर बोट ठेवल्यासारखं ऐकू येईल. तिनेच विचारलं, ‘तुला काय वाटतं गं, याला काही होत असेल का?’, तर मात्र टाळू नका. आधी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा म्हणावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, तो 2013 मध्ये सुरू झाला, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वाढीतल्या आणि विकासातल्या अडचणी तपासल्या जातात, आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाची केंद्रं आहेत. सिव्हिलमध्ये त्याची चौकशी करता येते. तिला स्वतःलाच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे, सरकारी आणि मोफत. हे सगळं तिला हवं असेल तेव्हा.

बोलायचं कुठे आणि कसं? व्हॉट्सअ‍ॅपवर मुळीच नाही, व्हॉइस मेसेजही नाही. तिच्या घरीही नको, तिथे मुलगा असेल आणि सहा वर्षांच्या मुलाला आपल्याबद्दल चाललंय हे बरोबर कळतं. हॉटेलातही नको, डोळ्यांत पाणी आलं तर वेटरसमोर पुसावं लागतं. सकाळी मुलं शाळेत गेली की कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नाहीतर गोदापार्कला चालायला बोलवा. चालताना एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, अवघड बोलणं सोपं जातं. आणि पाल्हाळ लावू नका. मुलांच्या मार्कांपासून सुरू करून शेवटच्या पाच मिनिटांत दापोलीवर आलात तर तिला वाटेल, एवढा वेळ ही गोड बोलत होती ती यासाठी.

साधारण असं म्हणा. तुमच्या शब्दांत म्हणा, पण क्रम हाच ठेवा : ‘अगं, तुझा मेसेज बघितला आणि उत्तर दिलं नाही, ते चुकलं. दिवाळीत आम्ही चौघी दापोलीला जायचं म्हणतोय. या वेळी तुझ्या मुलाला घेऊन जायची माझी हिंमत होत नाही. भंडारदऱ्याला माझ्या लेकीला लागलं ते माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि तिथे समुद्र आहे. मी तेव्हा काही बोलले नाही, तेव्हाच बोलायला हवं होतं. तू नको आहेस असं नाही. तुला हे दुसऱ्याकडून कळावं असं मला नको होतं.’ आणि मग गप्प बसा. तिला बोलू द्या.

यात ‘सगळ्यांचं असं म्हणणं आहे’ हे वाक्य नाही, ते मुद्दाम वगळलं आहे. चौघींच्या आड लपून बोललात तर तिला एका क्षणात चार मैत्रिणी गेल्यासारखं वाटेल. ‘मी’ म्हणा. संस्कार, लाड, शिस्त, मोबाइल, नोकरी करणारी आई, आजीने बिघडवलं, यातला एकही शब्द नको. ‘आमची मुलं बघ कशी’ तर नकोच नको. तुम्ही दोन प्रसंग प्रत्यक्ष पाहिलेत, ताट आणि पायऱ्या. तेवढ्याच दोन प्रसंगांवर बोला. ‘तो नेहमीच असा’ म्हणालात की ती मुलाची बाजू घेऊन उभी राहणार, आणि कुठल्याही आईने तसंच उभं राहावं.

तिला लागणार आहे, हे धरून जा. नेओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला होता. माणसांना संगणकावरच्या चेंडूफेकीच्या साध्या खेळात बाकीच्यांनी चेंडू देणं बंद केलं, तर त्यांच्या मेंदूत त्या भागातली हालचाल वाढलेली दिसली, जो शारीरिक वेदनेच्या त्रासाशीही जोडलेला आहे. तोही अनोळखी माणसांबरोबरच्या खेळात. इथे तर कॉलेजपासूनची मैत्री आहे. ती रडेल, रागावेल, कदाचित म्हणेल, ‘माझ्या पोराला तुम्ही आता वाळीत टाकणार का?’ तेव्हा भांडू नका, आणि ‘तू गैरसमज करून घेऊ नकोस’ असंही म्हणू नका, कारण गैरसमज काहीच झालेला नाही. ती काही दिवस फोन उचलणार नाही. तो राग तिचा आहे, तो निवळायला वेळ द्या. तिने तुमची समजूत काढावी, ‘अगं मी समजू शकते’ म्हणावं, ही अपेक्षा ठेवून जाऊ नका. म्हणाली तर तिचा मोठेपणा.

कदाचित ती ग्रुप सोडेलही. तशी शक्यता आहे आणि ती तुम्हाला आधीच कळलेली बरी. पण न सांगता गेलात तर ती नक्की सोडेल, आणि सोडताना तुमच्याबद्दल जे मत करून घेईल ते पुढे बदलणार नाही. माझ्याकडे अशा आयांचीही पत्रं येतात, ज्यांना वगळलं गेलं. त्यांची तक्रार बहुतेक वेळा सहलीची नसते. मूल अवघड आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांना बोचतं ते हे की सोसायटीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि आपण वेड्यासारखं मुलाला नवा स्वेटर घेत होतो.

बाकीच्या तिघींना आधी कळवा, परवानगी मागू नका. ‘मी तिला सांगणार आहे, शनिवारच्या आत’ एवढं पुरे. एखादी म्हणेल, कशाला उगाच वाईट व्हायचं. तिला म्हणावं, वाईट व्हायचं असेल तर मी होते, तू नको काळजी करू. आणि तो नवा ग्रुप सहलीपुरता ठेवा. त्यात तिच्याबद्दल आधी जे काही लिहिलं गेलंय ते एकदा वाचून बघा. स्क्रीनशॉट कुणाचा कुठे जाईल सांगता येत नाही, आणि त्यात तिच्या मुलाला जी नावं ठेवली असतील ती खोडून टाकण्यापेक्षा ठेवणं थांबवणं जास्त गरजेचं आहे. जुन्या ग्रुपवर आजच उत्तर द्या : ‘तुला भेटून सांगते, उद्या सकाळी येतेस का चालायला?’ एवढंच. दोन दिवस त्या प्रश्नाखाली शांतता आहे. एव्हाना तिला काहीतरी कळलेलंच आहे.

पुढच्या गोष्टी लहान ठेवा. दोन रात्री, पाच कुटुंबं हे त्या मुलाला झेपत नाही, पण रविवारी सकाळी मखमलाबादकडच्या एखाद्या मोकळ्या जागेत मिसळ खायला जाणं झेपेल. झोपाळे असतात, पळायला मातीचं अंगण असतं, दीड तासात घरी. मुलं खेळतील तेवढा वेळ तुमच्यापैकी एकीने नुसतं त्या मुलाबरोबर राहायचं आणि त्याच्या आईने बसून, गरम रस्सा घेऊन, पाव संपेपर्यंत जेवायचं. हे एकदा करून बघा आणि मला कळवा. दुसरं, वर्षातून एक दिवस मुलांशिवाय पाचजणींनी त्र्यंबकला नाहीतर वणीला जाऊन या. त्या दिवशी मुलं बापांकडे. तिचा मुलगाही त्याच्या बापाकडे, दिवसभर, एकट्याकडे. त्या बापाला आपल्या मुलाबद्दल बरंच कळेल.

आणि एक शक्यता तुम्ही चौघींनी तिला भेटण्याआधीच बोलून ठेवा. ती गोदापार्कला चालता चालता थांबून म्हणाली, ‘मग मी एकटी आले तर? त्याला मी त्याच्या बाबांकडे ठेवते,’ तर तुम्हाला तिथल्या तिथे ‘ये’ म्हणता आलं पाहिजे. ‘विचारून सांगते’ म्हणालात तर आधी बोललेलं सगळं खोटं ठरेल. म्हणजे गाडीत तिची जागा आहे का, ती कुणाच्या खोलीत झोपणार, खर्चाची वाटणी कुटुंबावर की माणशी, हे आज रात्रीच ठरवा. माणशी ठेवा, तिला सोपं जाईल.